थकल्या देहाचा योग : स्वामी कुवलयानंद

योगासने म्हटली की आपल्या मंडळातील पुष्कळ वडीलधाऱ्या भगिनी हात जोडून मोकळ्या होतात. गुडघे कुरकुरतात, कंबर वाकत नाही, रक्तदाबाची गोळी चालू आहे. आता या वयात पाय डोक्यावर घ्यायचे का, असे त्या हसत विचारतात. दुसऱ्या काही भगिनी याच्या अगदी उलट. दूरदर्शनच्या पडद्यावर विशीतला तरुण जे करून दाखवतो ते आपल्यालाही आलेच पाहिजे असे मनाशी घेऊन सकाळी सकाळी त्या फरशीवर बसतात आणि दुपारी पाठीला तेल लावत पडतात. एकीला वाटते, योग आपल्यासाठी नाही. दुसरीला वाटते, योग सर्वांना एकसारखा. ज्या गृहस्थांनी या दोन्ही समजुती खोट्या ठरवण्यात उभे आयुष्य वेचले त्यांचे चरित्र या स्मरणिकेच्या निमित्ताने भगिनींपुढे ठेवावे असे वाटले. ते गृहस्थ म्हणजे लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई गावी झाला. वडील गणेशपंत शिक्षक, आई सरस्वतीबाई. घरची स्थिती बेताची, इतकी की काही काळ लोकांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. पण मुलगा हुशार निघाला. १९०३ च्या मॅट्रिक परीक्षेत त्याने संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळणे म्हणजे साऱ्या मुंबई इलाख्यात नाव होणे. त्या बळावर बडोदे कॉलेजात प्रवेश झाला आणि १९१० साली ते पदवीधर झाले.

बडोद्याची ती वर्षे मोठी भारलेली होती. कॉलेजात अरविंद घोष शिकवीत, महाराष्ट्रातून टिळकांचा आवाज येई. तरुण गुणे यांच्यावर दोघांचाही परिणाम झाला आणि देशकार्यासाठी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत त्यांनी घेतले. याच काळात, १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे, राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायामशाळेत त्यांनी भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. हे शिक्षण पुढे फार उपयोगी पडले. शरीर कसे घडते, कशाने तगते आणि कशाने मोडते, हे त्यांनी पुस्तकातून नव्हे तर आखाड्याच्या मातीत पाहिले होते.

पदवीनंतर नोकरीचा सरळ मार्ग मोकळा होता, पण ते खानदेशात अमळनेरला गेले. तेथील खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला, मुलांना भारतीय संस्कृती शिकवली आणि राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही सांभाळले. ते महाविद्यालय सरकारच्या रोषामुळे फार काळ टिकले नाही. अमळनेरचे दिवस १९२३ पर्यंतचे. शिक्षकाचा पिंड मात्र त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. पुढे रोग्यांशी ते वागले तेही शिक्षकासारखेच.

मधल्या काळात, १९१९ साली, त्यांच्या आयुष्याला वळण देणारी भेट झाली. बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी महाराज हे वृद्ध बंगाली योगी राहत असत. त्यांच्याकडे गुणे योगविद्या शिकले. मुंबईतील योग संस्थेचे संस्थापक श्रीयोगेंद्र हेही माधवदासजींचेच शिष्य. एका म्हाताऱ्या साधूच्या दोन शिष्यांनी एकाच पिढीत योगाला गुहेतून बाहेर काढून गृहस्थाच्या दारात आणले, ही गोष्ट मोठी नवलाची आहे.

गुरूंनी दिलेली विद्या श्रद्धेने जपून ठेवणारे शिष्य पुष्कळ असतात. गुणे यांनी ती जपली आणि तपासलीही. योगी सांगतात ते शरीरात खरोखर कसे घडते हे त्यांना पाहायचे होते. म्हणून त्यांनी आपले काही विद्यार्थी बरोबर घेतले आणि बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांची पाहणी केली. ही गोष्ट १९२०-२१ च्या सुमाराची. ती थोडी समजावून सांगते, कारण स्वामीजींचा सारा स्वभाव तीत दिसतो.

उड्डियानात श्वास पूर्ण बाहेर टाकून पोट आत ओढून घेतात. नौलीत पोटाचे स्नायू मधोमध दोरखंडासारखे पुढे काढतात. जुने योगी पाण्यात बसून नौली करीत आणि कोणत्याही पिचकारीवाचून पाणी आतड्यात ओढून घेत. लोक याला सिद्धी म्हणत. स्वामीजींनी दाबमापक यंत्र लावून दाखवून दिले की नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो, आत पोकळी निर्माण होते आणि म्हणून पाणी आपोआप वर चढते. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले. चमत्कार गेला आणि त्याच्या जागी कारण आले. गुरूंविषयीचा आदर मात्र तसूभरही कमी झाला नाही.

१९२४ च्या ऑक्टोबरात, विजयादशमीच्या मुहूर्तावर, लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली. त्याच महिन्यात योगमीमांसा या इंग्रजी त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. त्यात प्रयोगशाळेतील निष्कर्ष असत तसेच सामान्य वाचकांसाठी आसनांची सचित्र माहितीही असे. पहिल्या काही वर्षांतच सर्वांगासनासारख्या आसनांत रक्तदाब किती चढतो उतरतो याची मोजमापे त्यात आली. आज आपल्या घराघरांत रक्तदाब मोजायचे यंत्र आहे. त्या काळी आसनात असलेल्या माणसाच्या दंडाला पट्टा बांधून आकडे टिपून घेणारा योगी ही कल्पनाच लोकांना विचित्र वाटली असेल.

मोजमाप हा स्वामीजींच्या योगोपचाराचा पाया होय. एकदा आसनाचा परिणाम मोजता येतो असे ठरले की ओघानेच प्रश्न येतो, की कोणाला किती. जे आसन धडधाकट माणसाला हितकर तेच दुबळ्या हृदयाच्या माणसाला अपाय करू शकेल. म्हणून आसनांवरील आपल्या पुस्तकात स्वामीजींनी नुसती कृती आणि लाभ सांगितले नाहीत, सावधगिरीच्या सूचनाही दिल्या. कान वाहतो, डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या अशक्त आहेत, हृदय दुबळे आहे, अशांनी शीर्षासनाच्या वाटेस जाऊ नये. रक्तदाब फार चढा वा फार उतरलेला असेल त्यांनी आपल्या मनाने काही सुरू करू नये, असे त्यांनी बजावले. योगाची थोरवी गाणाऱ्या लेखकाने हे कोणी करू नये असे सांगणे, हे त्या काळात फारसे आढळत नाही. आजही आढळत नाही, असे माझे मत आहे.

या पद्धतीची मोठी परीक्षा १९२७ साली झाली. त्या वर्षी मार्च महिन्यात दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यात महात्माजींची प्रकृती एकाएकी ढासळली. रक्तदाब वाढला होता आणि डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. दौरे रद्द झाले आणि गांधीजी म्हैसूर संस्थानातील नंदी टेकडीवर जाऊन राहिले. वय सत्तावन्न. आज सत्तावन्नाव्या वर्षी माणूस कचेरीत असतो, पण उपोषणे, तुरुंग आणि प्रवास यांनी झिजलेले ते शरीर होते. याच काळात गांधीजी आणि स्वामीजी यांच्यात योगोपचाराविषयी पत्रव्यवहार चालला. समोर देशाचा नेता, अंगात रक्तदाब, मधे शेकडो मैलांचे अंतर. अशा वेळी उतावळा माणूस एकतर सर्व आसनांची यादी पाठवील किंवा भिऊन अंग काढून घेईल. स्वामीजींनी दोन्ही केले नाही. प्रकृतीला मानवेल तेवढेच सांगायचे आणि काय जाणवते ते रोग्यानेच कळवायचे, असा तो व्यवहार होता. गांधीजी हे तर स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणारे नमुनेदार रोगी. डॉक्टरांची देखरेख आणि विश्रांती चालूच होती. योगाने एकट्याने गुण दिला असा दावा करायला जागा नाही, आणि तो करण्याची गरजही नाही.

आता या पद्धतीत थकल्या शरीरासाठी काय काय आहे ते पाहू, कारण आपल्या भगिनींना खरे कुतूहल त्याचेच. स्वामीजींच्या मते आसन म्हणजे झटके देऊन करायची कसरत नव्हे. स्नायूंवर हळूहळू ताण यावा, त्या स्थितीत सुखाने थांबावे, आणि तितक्याच हळू परत यावे. अंग थरथरू लागले, श्वास अडखळला, म्हणजे मर्यादा ओलांडली. कैवल्यधामाच्या पाठांत अवघड आसनांची सोपी रूपे मुद्दाम ठेवलेली आहेत. अर्धमत्स्येंद्रासन जमत नाही त्याला वक्रासन. पूर्ण हलासन जमत नाही त्याला अर्धहलासन. शलभासनात दोन्ही पाय उचलत नाहीत त्याने एकेक पाय उचलावा. मानेसाठी ब्रह्ममुद्रा आहे, तीत मान हळूहळू चारी दिशांना नेतात, आणि ती खुर्चीत बसूनही होते. ज्यांना श्वास कोंडणे हितकर नाही त्यांच्यासाठी कुंभक वगळून नुसता उज्जायी. आणि सर्वांसाठी शवासन. शवासन ही नुसती झोप नव्हे. एकेक अवयव जाणून सैल सोडण्याचा तो अभ्यास आहे.

या सोप्या रूपांना कोणी कमी लेखू नये. दागिना मोडून दुसरा घडवावा तसे हे आहे, सोने तेच राहते. वक्रासनात पाठीचा कणा वळतो, अर्धमत्स्येंद्रासनातही वळतो. गुडघ्यावरचा भार तेवढा कमी होतो.

स्वामीजींनंतर वैद्यकशास्त्र पुष्कळ पुढे गेले आणि त्यांच्या सूचनांत आज आणखी काही जोडाव्या लागतात. उतारवयात बायकांची हाडे ठिसूळ होतात हे आता सर्वज्ञात आहे. अशा भगिनीने पुढे खोल वाकून पायाचे अंगठे धरण्याचा हट्ट केला तर मणका दबून तडा जाण्याचे भय असते. तिने पाठ सरळ ठेवण्याचे आणि हलके मागे ताणण्याचे प्रकार करावेत, तेही विचारून. काचबिंदू असलेल्यांनी डोके हृदयाच्या खाली जाईल असे काही करू नये, कारण त्याने डोळ्यातील दाब वाढतो. कपालभातीचे सध्या फार वेड आहे. हठयोगाच्या ग्रंथांत ती शुद्धिक्रियांत मोडते, रोजच्या विरंगुळ्यात नव्हे. हृदयविकार, चढा रक्तदाब, हर्निया किंवा पोटाची नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर तिच्यापासून दूर राहिलेलेच बरे. आणि आसने सुरू केली म्हणून गोळ्या बंद, असे कोणी करू नये. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टरांनी रक्तदाब पाहून ठरवावे.

जमिनीवर बसता उठता येत नाही ही आपल्याकडची मोठी अडचण. त्यासाठी जमिनीचा आग्रह कशाला? भिंतीला टेकवलेली, चाके नसलेली भक्कम खुर्ची घ्यावी. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली पाट ठेवावा. त्या खुर्चीत ताठ बसून श्वासाबरोबर हात वर नेणे आणि खाली आणणे, घोटे फिरवणे, एकेक गुडघा सरळ करून पाय क्षणभर उचलून धरणे, कमरेतून हलके वळणे, हे सगळे होते. खांदा धरलेला असेल तर हात जेथवर जाईल तेथवरच. उभे राहून करायचे असेल तर स्वयंपाकघराच्या ओट्याला दोन्ही हातांनी धरून टाचा उचलाव्यात. तोल सांभाळण्याची सवय याने टिकते, आणि म्हातारपणी तोल जाऊन पडणे हेच पुष्कळ दुखापतींचे मूळ असते. शवासन पलंगावर करावे, गुडघ्यांखाली उशी घेऊन. उताणे झोपल्यावर ज्यांना दम लागतो त्यांनी पाठीला तक्के लावून अर्धवट बसल्या स्थितीत करावे. संपल्यावर कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावे आणि थोडे बसून मग उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारांना एकदम उठल्याने घेरी येते.

एक गोष्ट येथे जाता जाता सांगते. घरातल्या बाईचे दुखणे कामातच जिरते असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणजे वय झाले, एवढे म्हणून घर पुढे जाते. दिवसभर राबले म्हणजे व्यायाम झाला असेही आपण म्हणतो. भांडी घासणे हा व्यायाम असेल, पण त्यात पाठ सरळ होत नाही आणि मन तर मुळीच सैल होत नाही. वीस मिनिटे दार लोटून स्वतःच्या शरीराकडे लक्ष देणे ही चैन नाही, हे घरातल्या माणसांनीही समजून घेतले पाहिजे.

मग सर्वांनी एकत्र करायचा योग स्वामीजींना मान्यच नव्हता की काय, असा प्रश्न येईल. तसे मुळीच नाही, आणि येथे आपल्या उपनगराचा संबंध येतो. शाळांतील मुलांसाठी त्यांनी यौगिक संघव्यायाम रचला, आज्ञेबरोबर रांगेने करायचा. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९३६ साली निघाले. पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्यात खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी सरकारने समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते स्वामी कुवलयानंद. १९३८ साली व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली ती आपल्या कांदिवलीस. दहिसरहून गाडीत बसले की बोरिवलीनंतरचे स्टेशन. त्या वेळी हा सगळा भाग शेतवाडीचा. इलाख्यातील शाळांच्या व्यायामाची घडी बसवणारे शिक्षक येथे शिकत होते, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असेल?

निरोगी मुलांना रांगेत उभे करून एका आज्ञेवर व्यायाम देणारे स्वामीजी रोग्याला मात्र एकेकट्याने पाहण्याचा आग्रह धरीत. दोन्ही गोष्टी त्यांच्याच, आणि त्यांत विसंगती नाही. वाढत्या वयाच्या मुलांची शरीरे पुष्कळशी सारखी असतात. साठीनंतर मात्र दोन शरीरे सारखी नसतात. एकीचा गुडघा, दुसरीची साखर, तिसरीला दम. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला जो योगदिन साजरा होतो त्यात मैदानावर हजारो माणसे एकाच वेळी एकच आसन करतात. त्या दृश्याने उत्साह येतो हे खरे. पण सत्तरीच्या आजीला त्या रांगेत बसवून शेजारच्या नातीएवढे वाकायला लावणे म्हणजे संघव्यायाम आणि योगोपचार यांची गल्लत करणे होय. आजीला रांगेतच, पण खुर्चीवर बसवावे.

मुंबईतील रोग्यांची सोय व्हावी म्हणून १९३२ साली कैवल्यधामाची शाखा सांताक्रूझला निघाली. पुढे ती मरीन ड्राइव्हवर, ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने स्थिरावली. बद्धकोष्ठ, दमा, स्थूलता, रक्तदाब, पाठदुखी अशा चिवट व्याधींची माणसे येत. परदेशी संशोधकही लोणावळ्याची वाट धरू लागले. येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन यांनी तेथील अभ्यासानंतर १९३७ साली योगावर ग्रंथ लिहिला. लोणावळ्यास योगाचे महाविद्यालय झाले आणि स्वामीजींच्या अखेरच्या वर्षांत योगोपचाराचे रुग्णालयही उभे राहिले.

आयुष्यभराच्या अनुभवाचे सार त्यांनी डॉ. विनेकर यांच्यासह लिहिलेल्या योगोपचारावरील छोटेखानी इंग्रजी पुस्तकात दिले. भारत सरकारच्या आरोग्य खात्याने ते १९६३ साली प्रसिद्ध केले. त्यात उपचाराची तीन अंगे सांगितली आहेत : मनाची योग्य वृत्ती घडवणे; स्नायू, नाड्या आणि ग्रंथी यांना पुन्हा नीट वळण लावणे; आणि योग्य आहार व मलशुद्धी. आसनांचा क्रमांक दुसरा आहे. पहिले स्थान त्यांनी मनाला दिले. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या पतंजलींच्या चार भावना ते रोग्याला औषधासारख्या देत. मुदिता म्हणजे दुसऱ्याचे चांगले पाहून आनंद मानणे. सोसायटीच्या जिन्यात उभे राहून हा अभ्यास करायला गुडघे लागत नाहीत!

हे पुस्तक निघाले तेव्हा स्वामीजींनी ऐंशीव्या वर्षात पाऊल टाकले होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे देहावसान झाले. संस्थेची धुरा शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी उचलली. कैवल्यधामाला २०२४ साली शंभर वर्षे पूर्ण झाली.

मरीन ड्राइव्हचे केंद्र चर्नी रोड स्टेशनपासून जवळ आहे. दहिसरहून चर्चगेटची धीमी गाडी धरली तर बदलावी लागत नाही. ज्या भगिनींना कोणी जाणकाराकडून आपल्यापुरता पाठ आखून घ्यायचा असेल, मग तो तेथे असो की घराजवळ, त्यांनी जाताना डॉक्टरांचे कागद, चालू गोळ्यांची यादी आणि डोळ्यांचा अहवाल पिशवीत घालून न्यावा. आणि हे कागद न पाहता जो कोणी आसने सांगू लागेल त्याला नमस्कार करून परत फिरावे.